तुटक रेषा

बाहेरून अठ्ठावीस मीटर चाळीस.
आतून चोवीस पंचाण्णव.
दाराशी भिंतीची जाडी भरली एक मीटर वीस,
मागच्या भिंतीचीही तेवढीच धरली,
तरी एक मीटर पाच सेंटीमीटर उरतात.
मी तीनदा मोजलं. चौथ्यांदा
बस्त्याव घोन्साल्वीसनं टेपचं टोक धरलं,
वय शहात्तर, देवळाची घंटा वाजवतो,
आणि म्हणाला, "पोरी, त्या जागंचं सगल्यांना म्हायती हाय,
पायलं कोनी नाय."

घोडबंदर रस्त्यावरून आत, खाडीकडे उतरतं गाव.
रस्ता रुंद होणार आहे,
पालिकेला नकाशा हवा आहे,
पडवीतून लाल रेषा गेली आहे आधीच.
ती पडवी मस्कतवाल्या पेद्रूनं बांधून दिलेली,
वर सिमेंटचे पत्रे, नाव कोरलेली लादी.
ती गेली तर फारसं कोणी रडणार नाही,
पेद्रूची बहीण सोडून.

खालचे पाच थर काळ्या दगडाचे,
वर शिंपल्यांचा चुना. नखानं खरवडला की
अजून कालवाची चकाकी निघते.
दक्षिणेच्या भिंतीला आतून पाण्याचे ओघळ आहेत,
जुने, प्लास्टरखाली दबलेले.
मराठ्यांच्या स्वारीनंतर म्हणे
साठ वर्षं छप्पर नव्हतं,
पाऊस थेट बाप्तिस्म्याच्या कुंडात पडायचा,
आणि कोणीतरी तरीही येत असणार,
कारण कुंडाची कड एकाच बाजूला झिजली आहे,
कोपर टेकावं तितकी.
मग सागाचे वासे. मग मंगळुरी कौलं.
मग ट्यूबलाइट.

दारामागे पाद्रींची पाटी, एक्केचाळीस नावं,
पहिली चार वाळवीनं वाचली.
पाथरवटाचं नाव कुठंच नाही.
त्यानं आपली खूण मात्र सोडली आहे,
माशाच्या काट्यासारखी, दगडागणिक,
मजुरी मोजून घेण्यापुरती.
मी सत्त्याऐंशी खुणा मोजल्या.
एक दगड उलटा बसवलाय.
त्या दिवशी तो भांडला असेल,
किंवा दुसऱ्याच कोणी उचलून लावला असेल
तो जेवायला गेला असताना.

बस्त्यावचा बाप सांगायचा,
तिथं घंटा लपवली आहे, स्वारीच्या आदल्या रात्री,
गवतात गुंडाळून, जीभ बांधून.
फिलूमावशी म्हणते, घंटा कसली, जिना आहे,
खाडीपर्यंत जातो.
फादर कारकळचे, दोन वर्षांपूर्वी आलेले.
ते म्हणतात, भराव आहे.
जमीन खचत होती, म्हणून जाड केली असेल.
फादरांचंच खरं असावं.
मी वेदीमागे जाऊन भिंतीवर थाप मारली.
भरीव नाही, पोकळ नाही,
अर्धवट पिकलेल्या फणसावर मारावी
तसा आवाज.
भोक पाडून पाहता आलं असतं.
ड्रिल गाडीत होतं.

आमच्या कामात नियम आहे,
जे आहे पण दिसत नाही
ते तुटक रेषेनं दाखवायचं.
मी आयत काढला, एक मीटर पाच रुंद,
आत लिहिलं: अज्ञात.
खोडलं. लिहिलं: भराव (?).
प्रश्नचिन्ह पालिकेला चालत नाही,
तेही खोडलं. आयत रिकामा राहिला.

संध्याकाळी बस्त्यावनं चष्मा पुसून नकाशा पाहिला.
"यात घंटा कुठं हाय?"
नाही काढली, मी म्हटलं.
"मंग ह्ये काय?"
त्यानं तुटक रेषेवर बोट ठेवलं,
एकेक तुकडा मोजत गेला,
दोरीच्या गाठी मोजाव्यात तसा,
बाविसाव्यावर थांबला,
घड्याळ पाहिलं, सहाला दोन कमी,
आणि चपला काढून मनोऱ्याकडे गेला.

मी टेप अजून गुंडाळला नव्हता.
एक टोक मागच्या भिंतीला लागलेलं.
वरची घंटा वाजली, नवी, कोल्हापुरात ओतलेली,
आणि पोलादी पट्टी
माझ्या मुठीत
बराच वेळ थरथरत राहिली.